पाटी पुसली गेली, फुटली नाही

आज बोलू या गटाच्या कॉम्प्युटरबद्दल. कर्जाच्या नोंदी, हप्ते, बैठकीचे ठराव असं सगळं आता त्यात असतं. तो बंद पडला की पोटात गोळा येतो. त्यातून दुकानात सांगतात, "मदरबोर्ड गेला, नवा टाका." पण कॉम्प्युटर अपडेट करताना मध्येच बंद पडला असेल, तर बोर्ड पुष्कळदा गेलेला नसतो.

मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते. बटण दाबल्यावर पहिलं काय करायचं, मग काय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. त्या लिखाणाला बायोस म्हणतात. बायोस अपडेट करताना जुनं पुसून नवं लिहिलं जातं. पाटी पुसली, दोन ओळी लिहिल्या आणि तेवढ्यात वीज गेली, तर? पाटी फुटत नाही, लिखाण अर्धवट राहतं. म्हणून पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो.

आधी मनातली भीती काढा. आपला हिशेब या चिपमध्ये नसतो, तो हार्ड डिस्कवर असतो. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. काही कॉम्प्युटरांत डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं. त्याची ४८ अंकी किल्ली आजच वहीत उतरवून ठेवा. बायोस किंवा बोर्ड बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

आता पाटी पुन्हा कशी लिहायची? काही बोर्डांवर दुसरी राखीव चिप असते. काहींच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलची फाइल पेनड्राईव्हवर घ्यायची, माहितीपुस्तकात सांगितलेलं नाव तिला द्यायचं, ठरलेल्या खाचेत पेनड्राईव्ह लावून बटण दाबायचं. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज आणि बी ही बटणं दाबून धरून चालू करतात. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर जोडतात.

यातलं काहीच नसेल, तर दुरुस्तीवाला प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने चिप थेट लिहू शकतो. हे काम घरी करू नका. चिपला जास्त व्होल्ट गेले तर ती खरोखरच जळते.

बोर्डावरची गोल बटण-बॅटरी काढून लावा, असंही कोणी सांगेल. त्याने बदललेल्या सेटिंग पूर्ववत होतात, अर्धवट राहिलेलं लिखाण पुरं होत नाही.

दुकानात गेलात की तीन गोष्टी विचारा. बायोस पुन्हा लिहून पाहिला का? लिहिण्याआधी चिपमधल्या मजकुराची प्रत ठेवणार का? कारण मशीनचा नंबरही बहुधा तिच्यातच असतो. आणि नवा बोर्ड टाकलाच, तर जुना परत देणार का? उत्तर नीट मिळालं नाही, तर दुसरं दुकान गाठा.

मुळात गरज नसताना बायोस अपडेट करू नका. करायचाच असेल तर वीज जाण्याची वेळ टाळा, इन्व्हर्टर किंवा यूपीएस जोडा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा आणि चार्जर लावूनच ठेवा. पडदा थोडा वेळ काळा दिसला तरी बटणाला हात लावू नका. आणि हिशेबाची एक प्रत दर बैठकीनंतर पेनड्राईव्हवर घ्या. कॉम्प्युटर दुरुस्त होईल तेव्हा होईल, गटाचं काम थांबायला नको.