काट्यावरचा फलक: शेतकरी उत्पादक कंपनीबद्दलचे काही गैरसमज

परभणी जिल्ह्यात सेलूपासून गंगाखेडपर्यंत कुठेही जा, शेतकरी उत्पादक कंपनीची पाटी दिसते. या कंपन्यांची वाट 2002 साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मोकळी झाली. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीने सुचवलेली कल्पना अशी होती, की तत्त्व सहकाराचं असावं आणि शिस्त कंपनीची. 2020 मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी संस्थांची योजना आणली आणि नोंदण्यांना जोर आला. गावातली चर्चा मात्र अजून अनुदानाभोवतीच फिरते. कंपनी चालवायची कशी, माणसं जोडायची आणि टिकवायची कशी, यावर फार कमी बोललं जातं. सोयाबीन, कापूस आणि तुरीवर जगणाऱ्या जिल्ह्याला ही चूक महागात पडते, म्हणून हे लिहितो आहे.

गैरसमज: चेअरमन खमका असला की कंपनी चालते.

कायद्याने नेमकी उलट रचना केली आहे. संचालक किमान 5, जास्तीत जास्त 15. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवा, तोही सभासदांबाहेरचा. धोरण मंडळाने ठरवावं आणि रोजचं काम पगारी माणसाने करावं, असा त्याचा सरळ अर्थ आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चेअरमनच माल मोजतो, भाव सांगतो आणि चेकवर सही करतो. ऐन सोयाबीनच्या हंगामात तो आजारी पडला, तर काटा बंद.

चांगल्या नेतृत्वाची परीक्षा मला काट्यावरच होताना दिसते. सोयाबीन प्लांटवाला माल घेतो तो 'दहा-दोन-दोन' या निकषावर: ओलावा 10 टक्के, काडीकचरा 2, डागी 2. आता 14 टक्के ओलाव्याचं सोयाबीन 10 टक्क्यांवर वाळलं, की क्विंटलमागे साधारण 4.4 किलो वजन जातं. भाव 4,000 रुपये धरला तर ही तूट 178 रुपयांची झाली. ओळखीच्या माणसाचा ओला माल कोरड्या भावाने घेतला, की हे 178 रुपये बाकीच्या सभासदांच्या खिशातून जातात. 'आपला माणूस आहे, घेऊन टाक' या एका फोनची किंमत इतकी नेमकी काढता येते.

म्हणून मंडळाने हंगामाच्या आधी, सप्टेंबरातच बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: कोणत्या निकषाने माल घ्यायचा, ओलाव्याच्या कोणत्या टक्क्याला किती कपात, आणि पट्टीचे पैसे किती दिवसांत. ते काट्याजवळ फलकावर मोठ्या अक्षरात लिहावं. मग कामावरच्या पोराला त्या फलकाकडे बोट दाखवून संचालकाचाही माल परत पाठवता आला पाहिजे. तेवढं पाठबळ त्याला देणं, हेच चेअरमनचं खरं काम आहे.

गैरसमज: मॅनेजर म्हणजे खर्च, आणि कृषी पदवीधराला ही नोकरी म्हणजे परीक्षेचा निकाल लागेपर्यंतची सोय.

केंद्राच्या योजनेत संस्थेच्या व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत मिळते. तीन वर्षं संपतात, पगार थांबतो, मॅनेजर जातो. ग्राहक, बँक आणि परवान्यांची त्याला झालेली सगळी माहितीही त्याच्याबरोबर जाते. पहिल्या हंगामापासूनच त्याचा पगार कंपनीच्या उलाढालीतून निघेल असा धंदा उभा करणं, हा व्यूहरचनेचा पहिला प्रश्न आहे.

1972 पासून कृषी विद्यापीठ असलेल्या परभणी शहरात शिकलेल्या मुलांचा तुटवडा नाही. त्यातली बरीच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात वर्षं घालवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण कंपनीतली नोकरी पुढे कुठे जाते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पहिल्या वर्षी काटा आणि साठा नोंदवही, दुसऱ्या वर्षी निविष्ठांचं दुकान, तिसऱ्या वर्षी प्लांटवाल्यांशी आणि बँकेशी बोलणी, अशी चढती जबाबदारी नेमणूक पत्रातच लिहून द्यावी. दुकानात तर त्याच्या पदवीला थेट किंमत आहे, कारण कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाचं शिक्षण लागतं. पाच हंगाम खरेदी-विक्री सांभाळलेल्या माणसाला कृषी व्यापारात सहसा कुणी नाही म्हणत नाही.

गैरसमज: माल धरून ठेवला की भाव मिळतोच.

2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारांवर गेलं आणि ते वर्ष मराठवाड्याच्या मनात घर करून बसलं. नवा माल आला तसा भाव उतरला. पुढची काही वर्षं 'पुन्हा दहा हजार होईल' म्हणून घराघरात कट्टे थांबले. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना बाजार त्याच्याही खाली होता.

थांबणं चुकीचं नाही, पण थांबण्याला खर्च असतो आणि तो मोजायला हवा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या 75 टक्के कर्ज 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळतं. 4,000 च्या भावाला 3,000 कर्ज आणि सहा महिन्यांचं व्याज साधारण 90 रुपये. त्यात गोदाम भाडं, हमाली आणि तूट मिळवा. भाव त्या बेरजेपेक्षा जास्त वाढेल असं वाटायला काही आधार आहे का, हे मंडळाने कागदावर मांडावं. पूर्वी वायदे बाजारातून पुढच्या भावाचा अंदाज यायचा, पण सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर 2021 मध्ये थांबवले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. तुरीचे तर 2007 पासूनच बंद आहेत. अशा अंधारात सगळा माल एका दिवशी विकणं किंवा सगळा धरणं, दोन्ही जुगार आहेत. काही हिस्सा आवकेच्या वेळी, काही तारणावर, काही आधीच ठरलेल्या ग्राहकाला, अशी वाटणी ठराव करून ठेवली तर भाव पडल्यावर एकमेकांवर खापर फोडायची वेळ येत नाही.

गैरसमज: आधी दालमिल, मग धंदा.

यंत्राला अनुदान मिळतं, पण तूर रोखीने घ्यावी लागते. 2024-25 च्या 7,550 रुपये हमीभावाने 100 क्विंटल तूर घ्यायला साडेसात लाखांहून जास्त खेळतं भांडवल हवं. ते नसेल तर दालमिल वर्षातले बरेच महिने कुलपात राहते.

परभणीकरांच्या हाताशी त्याहून जवळची संधी आहे ती बियाण्याची. एमएयूएस 71, 158 आणि 612 ही सोयाबीनची वाणं इथल्याच कृषी विद्यापीठाची. बीडीएन 711 ही तूर त्याच्याच बदनापूर केंद्राची. दर 18 मे रोजी, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, बियाणं घ्यायला तिथे रांगा लागतात. मागणी समोर उभी आहे. पण प्रमाणित बियाण्याला उगवण किमान 70 टक्के लागते आणि सोयाबीनच्या दाण्याचं कवच नाजूक. मळणीचा वेग कमी ठेवणं, पावसात भिजलेला प्लॉट बियाण्यातून वगळणं, पोत्यांची थप्पी उंच न रचणं, ही कामं प्रत्येक सभासदाने मन लावून केली तरच लॉट पास होतो. यंत्रापेक्षा इथे शिस्त विकली जाते, म्हणून ज्या कंपनीत फलकावरचे निकष पाळले जातात तिनेच यात उतरावं.

गैरसमज: सह्याद्रीने केलं ते जसंच्या तसं आपणही करू.

विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखालची, नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षांवर आणि निर्यातीवर उभी राहिली. परभणीचं पीक वेगळं, पाणी वेगळं, ग्राहक वेगळा. तिच्याकडून घ्यायचं ते एवढंच: ग्राहकाच्या निकषात न बसणारा माल, तो कुणाचाही असो, बाजूला काढायचा.

गैरसमज: वार्षिक सभा म्हणजे सह्यांचं रजिस्टर.

गणपूर्तीला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश माणसं लागतात. 300 सभासदांच्या कंपनीत 75 जण प्रत्यक्ष बसलेले हवेत. त्यांच्यासमोर ताळेबंदाच्या आधी प्रत्येक संचालकाच्या मालाची पट्टी वाचून दाखवावी: कोणत्या तारखेला, किती ओलाव्याला, काय कपातीने आणि कोणत्या भावाने घेतला. सभासदांनी त्यावर हवे तितके प्रश्न विचारावेत, आणि उत्तरं देऊन झाली की मगच पुढच्या हंगामाचा विषय घ्यावा.