पार्सलांच्या वखारीतला दवाखाना

ओस पडलेल्या व्यापारी इमारतींत दवाखाने थाटले जात आहेत, त्यातली एखादी इमारत घेऊन लिहा, असं संपादकांनी सुचवलं. मी निवडली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसची ‘क्रॉसटाउन कॉन्कोर्स’. सुरुवातीला तिचं आकारमान पाहून नवल वाटलं होतं. पण नकाशे आणि बांधकामाचे फोटो पाहत गेलो तसं लक्ष तिच्या खांबांकडेच जाऊ लागलं.

आधी इतिहास, थोडक्यात. सीअर्स रोबक ही कॅटलॉगवरून टपालाने माल विकणारी कंपनी. तिने 1927 मध्ये ही वखार आणि दुकान सुमारे सहा महिन्यांत उभं केलं. वर चौदा मजली मनोरा, आणि पुढच्या काळात भर पडत पडत एकूण सुमारे 15 लाख चौरस फुटांचा पसारा झाला. अशा वखारींत वरच्या मजल्यांवर माल रचलेला असे. ऑर्डर आली की कामगार वस्तू शोधून गोल फिरत खाली उतरणाऱ्या पत्र्याच्या घसरगुंडीत टाकत, ती आपल्या वजनानेच पॅकिंगच्या मजल्यावर पोचे. दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेद कायद्याने चालत होता, तेव्हा गावातला गोरा दुकानदार काळ्या गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवी. कॅटलॉगचा फॉर्म भरून पाठवणाऱ्याचा रंग मात्र सीअर्सच्या कारकुनाला दिसत नसे.

1983 मध्ये दुकान बंद झालं, 1993 मध्ये वखारही. त्यानंतर वीसेक वर्षं इमारत रिकामी उभी होती. सीअर्सच्या अशाच दुसऱ्या वखारींची गत निरनिराळी झाली. फिलाडेल्फियाची 1994 मध्ये सुरुंग लावून पाडली. अटलांटाची दुकानं, कचेऱ्या आणि घरांनी गजबजली. मिनीॲपोलिसच्या वखारीत ॲलिना हेल्थ या आरोग्यसंस्थेने मुख्यालय थाटलं. मेम्फिसमध्ये 2010 साली टॉड रिचर्डसन हे कलेतिहासाचे प्राध्यापक आणि ख्रिस्तोफर मायनर हे व्हिडिओ-कलावंत यांनी ‘क्रॉसटाउन आर्ट्स’ ही संस्था काढली, आणि या इमारतीत कोण राहायला येईल याची विचारणा सुरू केली. बिल्डरने नव्हे, कलेच्या माणसांनी. आरोग्य, शिक्षण आणि कला या तिन्ही क्षेत्रांतल्या संस्थांनी जागा घ्यायचं कबूल केलं, मग पैसा उभा राहिला. सुमारे 20 कोटी डॉलर खर्चून ऑगस्ट 2017 मध्ये इमारत पुन्हा उघडली.

आता खांब. या वखारीच्या छताला तुळया नाहीत. काँक्रीटची सपाट स्लॅब थेट खांबांवर टेकलेली, आणि प्रत्येक खांब वर जाताना अळंबीसारखा पसरत गेलेला. मालाचं ओझं त्या रुंद माथ्यावरून खांबात उतरतं, आणि तुळई आड येत नसल्याने खोकी छतापर्यंत रचता येतात. वखारीसाठी याहून सरस रचना त्या काळी नव्हती. दवाखान्यालाही तिचा एक फायदा होतो: शेकडो टन मालासाठी घातलेली जमीन जड यंत्रांनाही सहज पेलते. पण प्रत्येक तपासणी खोलीत हात धुवायला बेसिन हवं. दातांच्या खुर्चीला पाणी हवं, हवेची नळी हवी, निचरा हवा. निचऱ्याच्या पाइपाला उतार लागतो, म्हणजे कुठेतरी स्लॅबला भोक पाडून खालच्या मजल्याच्या छताशी उतरावं लागतं. आणि खांबाच्या माथ्याजवळ भोक पाडायची सोय नाही. स्लॅबमधून खांब आरपार घुसायला बघतो तो तिथेच, म्हणून सळ्यांची गर्दीही तिथेच. भोकं दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यातच घ्यायची, आणि खोल्या त्यांच्या हिशेबाने मांडायच्या. इंजिनियरने 1927 साली पार्सलांसाठी ठरवलेलं अंतर आज डॉक्टरची खुर्ची कुठे बसेल ते ठरवतं. मला हे फार विलक्षण वाटतं.

दुसरा पेच उजेडाचा. पार्सलांना खिडकी लागत नाही, म्हणून मजले आडवेतिडवे वाटेल तेवढे रुंद. मधोमध भर दुपारी अंधार. यावर उपाय एकच, इमारतीचं पोट फाडायचं. वास्तुविशारदांनी मजलेच्या मजले कापून छतापासून तळापर्यंत मोकळे चौक काढले. मधला चौक दहा मजले उंच, आणि त्यात लाल रंगाचा गोल जिना. यात भाड्याने देता येण्याजोगी पुष्कळ जागा कायमची गेली. त्यात भर म्हणजे ऐतिहासिक वास्तूंची केंद्रीय कर-सवलत हवी, जी दुरुस्तीच्या मान्य खर्चाच्या 20 टक्के मिळते, तर वास्तूचं मूळ रूप राखावं लागतं. तेव्हा बाहेरचा चेहरा आणि आतले खांब जपायचे, आणि त्याच हाताने मजले कापायचे. बऱ्याच ठिकाणी खांबांना ना छताआड लपवलं, ना प्लास्टरमध्ये. ते जसेच्या तसे दिसतात.

एवढा खटाटोप ज्यांच्यासाठी, त्यांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी संस्था म्हणजे ‘चर्च हेल्थ’. डॉ. स्कॉट मॉरिस हे डॉक्टरही आणि मेथडिस्ट पंथाचे धर्मगुरूही. 1987 मध्ये त्यांनी ती काढली ती कामकरी माणसांसाठी: हॉटेलात भांडी घासणारे, घरं साफ करणारे, रोज कामावर जाणारे पण विमा नसलेले लोक. फी ऐपतीनुसार, बाकीचा भार देणग्यांवर आणि फुकट वेळ देणाऱ्या डॉक्टरांवर. क्रॉसटाउनला येण्याआधी या संस्थेचे विभाग शहरभर वेगवेगळ्या इमारतींत विखुरलेले होते. 2017 मध्ये ते सगळे सुमारे दीड लाख चौरस फुटांत एकत्र आले: ओपीडी, दात, डोळे, समुपदेशन, फिजिओथेरपी, आणि स्वयंपाक शिकवणारं स्वयंपाकघर. त्याच इमारतीत वायएमसीएची व्यायामशाळा आहे.

मधुमेहाच्या रोग्याला काय काय लागतं ते मोजून पाहावं. डॉक्टर, रक्ततपासणी, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा दाखवणं, पायांची काळजी, जेवण कसं बदलायचं हे सांगणारं कोणी, आणि चालायला जागा. ही सगळी ठिकाणं सहा पत्त्यांवर असली तर सहा खेटे, आणि तासावर पगार मिळणाऱ्याचे सहा वेळा बुडालेले पैसे. असा माणूस डोळे दाखवायचं पुढे ढकलतो, आणि ज्या वर्षी ढकलतो त्या वर्षीच पडदा बिघडलेला असू शकतो. हे अंतर कमी करणं हा औषधोपचाराचाच भाग आहे असं मी मानतो, आणि म्हणून या इमारतीबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण अडचणी आहेत, आणि त्या खांबांच्या अडचणींसारख्या नकाशावर सुटत नाहीत.

पहिली, छत एक असलं तरी संस्था एक होत नाहीत. अशा सामायिक इमारतीत प्रत्येकीची नोंदवही, संगणक आणि बिल वेगळं असतं. रोगी चालत दोन मिनिटांत पलीकडे पोचतो, त्याचे कागद पोचतीलच असं नाही. ते पोचवायला जी माणसं नेमावी लागतात, त्यांच्या पगाराला देणगीदार चटकन मिळत नाही. नव्या विभागाच्या दारावर देणगीदाराचं नाव लागतं, कागद पोचवणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर ते लागत नाही.

दुसरी अडचण पैशाची घडण. प्रकल्पाचा पैसा वीसहून जास्त ठिकाणांहून जमवला. त्यात मागास भागांतल्या गुंतवणुकीसाठी असलेली ‘न्यू मार्केट्स’ कर-सवलतही होती. ती सात वर्षं चालते. मुदत संपली की गुंतवणूकदार बाहेर पडतो आणि कर्जाची मांडणी नव्याने करावी लागते. तिथून पुढे इमारत भाड्यावर जगायची. आणि भाडेकरू कोण, तर स्वतःच देणग्यांवर चालणाऱ्या संस्था. एका मोठ्या भाडेकरूने जागा कमी केली तर एवढ्या मोठ्या इमारतीचं वातानुकूलन, लिफ्ट आणि रखवाली यांचा खर्च उरलेल्यांच्या अंगावर येतो. वखार कितीही मजबूत असली तरी या हिशेबाला ती मजबुती उपयोगी पडत नाही.

तिसरी अडचण इमारतीच्या हातातच नाही. 2010 च्या आरोग्य कायद्याने कमी उत्पन्नाच्या प्रौढांना सरकारी मेडिकेड योजनेत घेण्याची सोय केली. टेनेसीने तो विस्तार स्वीकारलेला नाही. म्हणून कामावर जाणारी पण विमा नसलेली माणसं चर्च हेल्थच्या दारात येतच राहतात. देणगीचा दवाखाना राज्याने सोडलेली जागा किती वर्षं भरून काढू शकेल, याची मला काळजी वाटते.

आणि दारापर्यंत यायचं कसं? शेजारी गाड्यांसाठी बहुमजली पार्किंग बांधलं आहे. मेम्फिस गाड्यांचं शहर आहे, गाडी नसलेल्यांची भिस्त बसवर. ती बससेवा आधीच तुटपुंजी, त्यात 2024 मध्ये तिची तूट इतकी वाढली की मार्ग बंद करण्याची वेळ आली. इमारतीच्या आतले खेटे वाचवले. बस चुकल्यामुळे चुकणाऱ्या अपॉइंटमेंटवर मात्र आतल्या कोणालाच काही करता येत नाही.