मधला खांब काढण्याआधी एक्सेल उघडा

भिवंडीत यंत्रमागाच्या शेडमध्ये तागे ठेवायला लोखंडी पोटमाळा घालतात. मग मधला खांब आड येतो, तो काढा म्हणतात. पण दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईचा वाक गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, चौथ्या घाताने वाढतो. मधला खांब काढला की गाळा दुप्पट, वाक सोळापट! आयएसएमबी 200 तुळई, मीटरमागे 10 किलोन्यूटन भार: 3 मीटरला वाक सुमारे 2.4 मिमी, 6 मीटरला 38. मर्यादा साधारण गाळ्याचा तीनशेवा भाग, म्हणजे 6 मीटरला 20 मिमी.

एक्सेलमध्ये गाळा आणि वाक यांचा आलेख काढताना ‘लाइन’ नको, ‘स्कॅटर’ निवडा. लाइन चार्ट 3, 4, 6 ही मापं सारख्याच अंतरावर मांडतो आणि वक्राचा खरा चढ लपतो. मालकाला सूत्र नको, हा वक्र दाखवा. आणि खांबाला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवाच.