मोटारगाडीच्या खटक्यातील स्पर्शरोध

जुन्या मोटारगाडीचे पुढील दिवे पिवळट व मंद जळू लागले म्हणजे दोषाचे खापर प्रथम बॅटरीवर आणि मग डायनॅमोवर फोडले जाते. नवी बॅटरी घालूनही फरक पडला नाही, म्हणजे दिव्यांच्या खटक्याची आठवण होते; आणि खटका तपासला असता तो बहुधा निर्दोष ठरतो. हा निर्वाळा पुष्कळदा चुकीचा असतो. तो का चुकतो, हे पाहण्यासाठी फोक्सवॅगनची बीटल ही जर्मन गाडी सोयीची आहे. तिचे उत्पादन मेक्सिकोतील प्वेब्ला येथे २००३ साली थांबले; तथापि साठीच्या दशकातील कित्येक बीटल हौशी मालकांनी अद्याप चालत्या ठेवल्या आहेत.

त्या दशकाच्या पूर्वार्धातील बीटलची विद्युत्-योजना ६ व्होल्टची होती. पुढील दोन दिव्यांची प्रखर तार प्रत्येकी ४५ वॅटची. म्हणजे दोहोंना मिळून सुमारे १५ अँपिअर प्रवाह लागतो. हा सर्व प्रवाह चालकासमोरील फळीवरच्या ओढून चालू करावयाच्या खटक्यातून जातो. खटक्याच्या ३० क्रमांकाच्या टोकाशी तो येतो, ५६ क्रमांकाच्या टोकातून बाहेर पडतो, आणि पायाने दाबावयाच्या दुसऱ्या खटक्यातून व फ्यूजांमधून दिव्यांकडे जातो. मध्ये रिले नाही.

आता खटक्यातील स्पर्शरोध केवळ ०·०५ ओहम झाला असे मानू. दिव्यांच्या वाट्याचा सुमारे ०·७ व्होल्ट दाब तेथेच खर्ची पडतो. तापलेल्या तारेचा प्रकाश दाबाच्या स्थूलमानाने ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे सुमारे एकतृतीयांश प्रकाश नाहीसा होतो. शिवाय खटक्याच्या पोटात सुमारे १० वॅट उष्णता निर्माण होते. तेवढ्याच वॅटचे दिवे १२ व्होल्टवर चालविले, तर त्याच रोधापायी प्रकाशाची हानी जेमतेम एकदशांश होते. सहा व्होल्टच्या गाड्यांची मंद दिव्यांविषयीची अपकीर्ती बरीचशी या गणितातून आली आहे.

हा रोध येतो कोठून? दोन धातुपृष्ठे वरवर सपाट दिसली, तरी ती प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म बिंदूंवरच टेकतात व प्रवाहाला त्या बिंदूंतून आकसून जावे लागते. या प्रश्नाचा सखोल अभ्यास राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने केला. स्पर्शबिंदूची त्रिज्या a आणि धातूची रोधकता ρ असेल, तर आकुंचनामुळे येणारा रोध ρ/२a इतका असतो. स्वच्छ पितळाचा ०·१ मिलिमीटर त्रिज्येचा एकच बिंदू घेतला, तरी हा रोध ०·३५ मिलिओहम इतकाच भरतो. वर मानलेला रोध त्याच्या सुमारे एकशे चाळीस पट आहे. तेव्हा दोष धातूचा नसून त्यावर चढलेल्या ऑक्साइडच्या व मळाच्या थराचा आणि ढिल्या पडलेल्या स्प्रिंगचा होय. उष्णतेने थर वाढतो, थराने उष्णता वाढते. आणि अशा उष्णतेत स्प्रिंगचा ताठा उतरतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपण होऊन थांबत नाही.

असा खटका कसोटीला उतरतो, कारण कसोटीच खोटी असते. दिव्यांची तार सोडवून ५६ क्रमांकावर व्होल्टमापक लावला, तर मापकातून नगण्य प्रवाह जात असल्याने पूर्ण ६ व्होल्ट दिसतात. साध्या ओहममापकाच्या स्वतःच्या तारांचाच रोध शोधावयाच्या रोधाहून अधिक असू शकतो. खरी कसोटी भाराखाली घ्यावी. बॅटरी पूर्ण भारित असावी, यंत्र बंद ठेवावे, दिवे लावावेत, आणि मापकाची टोके ३० व ५६ या दोन टोकांना लावावीत. अंतर ०·१ व्होल्टच्या आत असल्यास खटक्याला दोष देऊ नये. मग तीच रीत बॅटरीपासून खटक्यापर्यंतची तार, पायाचा खटका, फ्यूजाच्या दोन्ही बाजू, आणि दिव्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा परतीचा मार्ग यांना लावावी. गंजलेल्या फ्यूजपट्ट्या व परतीची सैल जोडणी हीच पुष्कळदा खरी गुन्हेगार निघतात. सर्व घटींची बेरीज आणि दिव्याच्या टोकांवरचा दाब मिळून बॅटरीचा दाब झाला पाहिजे. तो जमला नाही, तर एखादा टप्पा मोजावयाचा राहिला आहे.

दोष खटक्यातच ठरला, तर तो उतरविण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडविणे अत्यावश्यक आहे. ३० क्रमांकाकडे येणाऱ्या तारेवर फ्यूज नाही. ती गाडीच्या पत्र्याला लागली तर बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून वाहील. स्पर्शपट्ट्या घासकागदाने खरवडण्याचा मोह टाळावा. त्याचे कठीण, निरोधक कण पितळात रुतून बसतात आणि दुरुस्ती महिनाभरात पुन्हा करावी लागते. स्पिरिटने मळ काढून गुळगुळीत पोलादी पात्याने पृष्ठ उजळावे, सैल रिव्हेट ठोकून घट्ट करावेत. स्प्रिंग निळसर पडून नरम झाली असेल, तर मात्र खटका बदलणेच बरे. वाकवून दिलेला ताण टिकत नाही.

खटका नवा घातला, तरी १५ अँपिअर त्याच्याच माथी राहतात. दिव्यांजवळ रिले बसविला, तर खटक्याला एका अँपिअरहूनही कमी प्रवाह सांभाळावा लागतो. मूळ रूपाचा आग्रह धरणारे संग्राहक या उपायाला नाक मुरडतात. पण रिले फळीच्या आड झाकता येतो, आणि काढून टाकला तर गाडीवर त्याची खूणही उरत नाही.