कळफलक-आदान, आंतरजालीय अर्जांतील

आंतरजालावरील अर्जाच्या रकान्यात कळफलकावरून भरल्या जाणाऱ्या मजकुराची नोंद घेणे, तो तपासणे व स्वीकारणे या क्रियांस ही संज्ञा लावतात. ब्राउझरमध्ये हे कार्य मुख्यतः जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञावली करते. ब्रेंडन आइक यांनी ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली.

कळ दाबताच ‘कीडाउन’ व सोडताच ‘कीअप’ ही घटना घडते. तिच्याबरोबर कळीचे स्थान व तिने उमटणारे चिन्ह, अशा दोन गोष्टी आज्ञावलीस कळतात. इंग्रजीत ही दोन बहुधा जुळतात, मराठीत जुळत नाहीत. आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत ‘न’ हा वर्ण रोमन ‘व्ही’च्या कळीवर आहे. अहिल्यानगरनजीकचे नागापूर हे नाव या रचनेने लिहिताना सात कळा दाबाव्या लागतात व युनिकोडचे सात संकेतांक साठविले जातात. वाचकाला मात्र अक्षरे चारच दिसतात. ‘अहिल्यानगर’मध्ये अक्षरे सहा व संकेतांक दहा होतात. रकान्याची कमाल लांबी संकेतांकांवरून मोजली जात असल्याने इंग्रजी नावांच्या अंदाजाने ठरविलेली मर्यादा मराठी नावास अपुरी पडते.

उच्चारानुसारी टंकलेखनात व मोबाइलवर शब्द घडत असताना कोणती कळ दाबली, हे पुष्कळदा आज्ञावलीस कळतच नाही. चिकटविलेल्या वा बोलून लिहिलेल्या मजकुरास तर कळच नसते. म्हणून कळ न पाहता ‘इनपुट’ ही घटना पाहावी व शब्दाची जुळणी संपेपर्यंत रकान्यातील मजकुरात फेरफार करू नये.

‘केवळ वर्ण स्वीकारावेत’ हा नियमही फसवा आहे. युनिकोडनुसार काना, मात्रा व हलन्त ही वर्ण नसून जोडचिन्हे होत. त्यांना वगळणारी आज्ञावली ‘नागापूर’चे ‘नगपर’ करते अथवा अर्जच नाकारते. देवनागरी अंकांचेही जावास्क्रिप्ट आपोआप संख्येत रूपांतर करीत नाही; ‘१२’चे ‘12’ आधी करून घ्यावे लागते.

खास मराठी अडचण ‘गोऱ्हे’ यासारख्या आडनावांत येते. त्यातील अर्धा र ‘ऱ’ला हलन्त जोडून, तसेच साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहितात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. शोध घेताना यंत्र त्यांना भिन्न मानते. अदृश्य चिन्हे सरसकट गाळल्यास दुसऱ्या रूपाचे ‘गोर्हे’ होते व अर्जदाराचे आडनाव बदलते. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण ही रूपे एक करीत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो आणि ब्राउझरमधील तपासणी टाळता येत असल्यामुळे तोच नियम अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकावरही लागू करावा लागतो.