जखमांची मोजदाद

शस्त्रक्रिया होऊन रोगी घरी गेला, की रुग्णालयाचे काम संपले असे तुम्हांला वाटते का? टाक्यांच्या जागी शिरलेले जंतू हळूहळू वाढतात. लाली, सूज, पू ही लक्षणे पुष्कळदा घरी गेल्यावरच दिसतात. म्हणून जखमेवर साधारणतः ३० दिवस लक्ष ठेवतात. कृत्रिम सांधा बसवला असेल, तर ९० दिवस.

या नोंदींतून काय साधते? कॅनडातील कॅलगरी शहरात क्रूज व फोर्ड यांनी पाच वर्षांत २३,६४९ जखमा तपासून १९७३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेपूर्वी वस्तऱ्याने केस काढणे म्हणजे स्वच्छता, अशी तेव्हा समजूत होती. आकडे उलटेच निघाले! स्वच्छ शस्त्रक्रियांत वस्तरा फिरवलेल्या शंभर जखमांपैकी दोनांहून अधिक चिघळल्या. केस न काढलेल्यांत एकाहूनही कमी. वस्तऱ्याच्या सूक्ष्म ओरखड्यांत जंतूंना आसरा मिळतो. आता केस काढावेच लागले, तर यंत्राने कापावेत, वस्तरा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा घरी कोणाची शस्त्रक्रिया झाली, तर टाक्यांकडे रोज पाहा. लाली वाढली किंवा पू दिसला, तर रुग्णालयाला लगेच कळवा. रोग्यावर वेळीच उपचार होतील आणि नोंदवहीही अपुरी राहणार नाही.