पुण्याहून निघालेला क्लब

२७ ऑगस्ट २०१९, मंगळवार. त्या दिवशी इंग्लंडमधल्या बरी एफसी या १८८५ सालच्या क्लबची फुटबॉल लीगमधून हकालपट्टी झाली. आठ महिन्यांपूर्वी नव्या मालकानं तो एका पौंडाला विकत घेतला होता. देणी कशी फेडणार याचा भरवसा त्याला लीगला देता आला नाही. त्याच मंगळवारी आपल्याकडे हैदराबाद एफसी या क्लबची घोषणा झाली. विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरानेनी हे त्याचे मालक. क्लब नवा होता, पण इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा नवी नव्हती. आदल्या हंगामापर्यंत त्या जागेवर एफसी पुणे सिटी हे नाव होतं.

बरीचे चाहते मैदानाच्या दाराशी बसून रडतानाचे फोटो जगभर छापले गेले. पुण्याचा क्लब गेला, त्याची बातमी मात्र हैदराबादच्या बातमीतल्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात होती. तिथून आजवर ती जागा कुठकुठे फिरली आणि तिच्यामागे उभी राहिलेली माणसं कुठे राहिली, याचा हा मागोवा.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याचा. आमच्या भागात धानाच्या बांध्या, बांबू आणि जंगल. फुटबॉल पाहायचा तो टीव्हीवर. शिक्षणासाठी पुण्याला गेलो तेव्हा बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल पहिल्यांदा पाहिलं. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते स्टेडियम. मैदानाभोवती धावपट्टी असल्यानं प्रेक्षक आणि खेळ यांच्यात अंतर पडतं. खेळाडूचा आवाज ऐकू येत नाही, कॉर्नरला उभा असलेला माणूस लांब वाटतो. तरीही नारिंगी जर्सी घातलेली पोरं एका टोकाला ढोल घेऊन नव्वद मिनिटं उभी असायची. ऑरेंज आर्मी म्हणायचे त्यांना. हिंजवडीतून काम संपवून आलेले, कोथरूडहून दोन बस बदलून आलेले, आणि माझ्यासारखे बाहेरगावचे. शहरात आपलं कुणी नाही असं ज्याला वाटतं, त्याला क्लब फार लवकर आपला वाटू लागतो.

पण बालेवाडीत क्लब बंद पडणं ही तेव्हाही नवी गोष्ट नव्हती. महाराष्ट्राचा त्याआधीचा हिशेबच वाईट आहे. २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीनं बंद केला. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी काढला, डेरिक परेरांच्या हाताखाली तो २०१२-१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगचा उपविजेता झाला, २०१४ मध्ये एएफसी कपमध्ये खेळला आणि २०१५ मध्ये संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्सला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी होती, पण मूळ समूहच अडचणीत आला आणि २०१७ नंतर संघ दिसला नाही. त्याच वर्षी कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी आय-लीगमधून खाली घसरला आणि गुंडाळला गेला. शेजारच्या गोव्यात २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि मग धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो तर पाच वेळचा राष्ट्रीय विजेता.

या यादीतल्या प्रत्येक क्लबचं कारण वेगळं सांगता येतं. कुणाला सुपर लीगमुळे दुय्यम ठरवल्याचा राग होता, कुणाला तोटा सोसेना, कुणाच्या मूळ धंद्यालाच आग लागली. निर्णयाची रीत मात्र सगळीकडे एकच होती. क्लब हे कंपनीच्या ताळेबंदातलं एक खातं. संचालक मंडळाची बैठक होते, खातं बंद होतं, एक पत्रक निघतं.

एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुपर लीगबरोबरच जन्मला. मालक वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन. सुरुवातीला इटलीच्या फिओरेंटिनाची साथ, आणि पहिल्या हंगामात फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे. सगळा थाट होता, यश नव्हतं. ते आलं २०१७-१८ मध्ये. प्रशिक्षक रांको पोपोविच, पुढे मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो, गोलात विशाल कैथ, मागे गोव्याचा आदिल खान, आणि पुण्याच्याच अकादमीत वाढलेला मलप्पुरमचा आशिक कुरुनियन. ही अकादमी मुळात पुणे एफसीची, नंतर एफसी पुणे सिटीनं आपल्याकडे घेतली. म्हणजे एका बंद पडलेल्या क्लबचं सर्वांत चांगलं काम दुसऱ्या क्लबच्या अंगावर नारिंगी जर्सी घालून धावत होतं. त्या वर्षी संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळुरूशी ०-०, आणि ११ मार्च २०१८ला बंगळुरूत १-३. सुनील छेत्रीची हॅटट्रिक. परतताना कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता, पण पुढच्या वर्षी आपण जिंकणार याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

२१ सप्टेंबर २०१८ला वाधवान कुटुंबाच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी बुडाल्यानंतरची ती घबराट होती. आमच्यापैकी शेअर बाजाराशी कुणाचा संबंध नव्हता, त्यामुळे ती बातमी क्रीडापानाची आहे हे कळायला वेळ लागला. बाराच दिवसांनी क्लबचा हंगाम सुरू झाला. नवे प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल महिनाभरातच गेले, प्रद्युम्न रेड्डींनी हंगामी कारभार पाहिला, डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राऊन आले. संघ सातवा आला. जानेवारीत आशिक भारताकडून आशियाई चषकात खेळला, थायलंडला ४-१ हरवणाऱ्या संघात होता, तेव्हा आपला पोरगा म्हणून ढोल वाजवायला मन झालं होतं. तो हंगाम संपला आणि मग काहीच होईना.

चाहत्यासाठी सगळ्यात वाईट काळ हाच. हरल्याचं दुःख असतं, पण त्याला तारीख असते. इथं एप्रिल गेला, मे गेला, नवे खेळाडू कोण विचारायला कुणी नाही, क्लबच्या पानावर जुनाच मजकूर. मग खेळाडू एकेक करून दुसरीकडे जाताना दिसू लागले. मालक शोधताहेत, कुणी तरी घेणार आहे, पुण्यातच राहील, नाही राहणार. प्रत्येक अफवेला धरून दोन दिवस काढायचे. ज्यांनी जर्सीवर स्वतःच्या खिशातून पैसे घातले, बॅनर शिवले, परगावी सामन्यांना गेले, त्यांना कुणीही एक पत्र लिहून सांगितलं नाही की काय चाललं आहे. सांगायची गरजही नव्हती, कारण नियमानं त्यांचा क्लबशी काही संबंधच नव्हता. तिकीट घेतलं, सामना पाहिला, व्यवहार संपला.

हे मला नीट उमगलं ते पुण्यात नाही, गावाकडे. वैनगंगेच्या पलीकडे चामोर्शी आणि मुलचेरा भागात बंगाली वस्त्या आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना साठच्या दशकात इथं वसवलं. तिथल्या पोरांना मैदान म्हणजे फुटबॉलचं मैदान, आणि घरात ईस्ट बंगाल हे नाव आजोबांपासून आलेलं. तिथल्या ओळखीच्या एका काकांना पुण्याची हकीकत सांगितली, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘मग सभेत कोण बोललं?’’ सभा नव्हती म्हटल्यावर त्यांना ते खरंच वाटेना. ‘‘सभासद नाही, तं किलब कोनाचा?’’

त्यांना असं विचारता येत होतं, कारण त्यांचा क्लब आधी सभासदांचा आणि मग गुंतवणूकदाराचा. म्हणजे तिथं सगळं आलबेल होतं असं नाही. २०१८ मध्ये क्वेस कॉर्पनं ईस्ट बंगालचा सत्तर टक्के हिस्सा घेतला आणि दोन वर्षांत काढता पाय घेतला. २०२० मध्ये श्री सिमेंट आलं. अंतिम करारावर सही करायला क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी नकार दिला. करार मान्य केला तर क्लबचे हक्क कायमचे जातील, हे त्यांचं म्हणणं. वर्षभर ते भिजत पडलं. २१ जुलै २०२१ला कोलकात्यात क्लबच्या तंबूबाहेर, म्हणजे मुख्यालयाबाहेर, चाहते जमले. काही जण सही करा म्हणून ओरडत होते, काही जण करू नका म्हणून, आणि दोन्हीकडचे ईस्ट बंगालचेच. पोलिसांनी लाठीमार केला. अखेर मुख्यमंत्र्यांना मधे पडावं लागलं, तो हंगाम निभावला, २०२२ मध्ये श्री सिमेंटच्या जागी इमामी आली.

शेजारच्या मोहन बागाननं २०२० मध्ये एटीके या सुपर लीगमधल्या क्लबशी हातमिळवणी केली आणि नावापुढे एटीके चिकटलं. चाहत्यांनी तीन वर्षं ती तीन अक्षरं काढा म्हणून पिच्छा पुरवला. ऐंशी टक्के मालकी उद्योगसमूहाकडे असूनही २०२३ मध्ये ती अक्षरं निघाली. लाठ्या खाणं काही कौतुकाचं नाही आणि राजकीय पुढाऱ्याच्या मध्यस्थीवर क्लब चालणं तर नाहीच नाही. पण त्या चाहत्यांकडे भांडायला एक जागा होती. एक तंबू, एक सभासदयादी, निवडून दिलेली कार्यकारिणी. बालेवाडीच्या पोरांनी कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं होतं?

पुण्याहून गेलेल्या त्या जागेचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. फिल ब्राऊन, मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी असे बरेच जण हैदराबादला गेले. पहिल्या वर्षी संघ तळाला. मग प्रशिक्षक म्हणून मानोलो मार्केस आले आणि २० मार्च २०२२ला फातोर्ड्यात हैदराबादनं केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून सुपर लीग जिंकली. गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीनं पेनल्टी अडवल्या. मी तो सामना पाहिला. जिंकलेल्या संघाचा राग आला नाही. हैदराबादच्या पोरांनी काही चोरलं नव्हतं.

पुढे त्यांच्यावरही तीच पाळी आली. २०२३-२४ मध्ये पगार थकले, परदेशी खेळाडू गेले, प्रशिक्षक बदलले, उरलेल्या तरुण पोरांनी हंगाम ओढून नेला आणि संघ शेवटचा आला. २०२४ मध्ये बी. सी. जिंदल समूहानं क्लब घेतला. २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवला. नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. एका जागेनं अकरा वर्षांत तीन शहरं पाहिली. प्रत्येक शहरात कुणी तरी ढोल विकत घेतला असेल.

एवढ्यात सगळी लीगच अधांतरी झाली. फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये केलेला व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ला संपणार होता. नूतनीकरण होईना म्हणून ११ जुलैला लीगच्या आयोजक कंपनीनं हंगाम थांबवला. ऑगस्टमध्ये बंगळुरूनं खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार रोखले. महासंघानं हक्कांसाठी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. डिसेंबरात मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. २०१९ मध्ये त्यांनी ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्या काळात मुंबईनं दोनदा लीग शील्ड आणि दोनदा कप जिंकला. जगातल्या सर्वांत पैसेवाल्या फुटबॉल समूहांपैकी एक जिथून उठून जातो, तिथं नुसता पैसा कमी पडला असं म्हणून भागत नाही. १४ फेब्रुवारी २०२६पासून छोटा हंगाम सुरू झाला, एवढाच दिलासा.

बरीचं पुढं काय झालं? चाहत्यांच्या गटानं पैसे जमवले, सरकारच्या सामुदायिक मालकी निधीतून दहा लाख पौंड मिळाले, आणि २०२२ मध्ये त्यांनी क्लबचं जुनं मैदान, गिग लेन, विकत घेतलं. दरम्यान दुसऱ्या गटानं नवा संघ काढला होता. दोघांचं भांडण मिटायला २०२३ उजाडलं. आता बरी पुन्हा तिथंच खेळते, कितीतरी पायऱ्या खालच्या लीगमध्ये.

हे इंग्लंडचं आहे, आपल्याकडे कसं जमेल, असं मला पुण्यात बरेच जण म्हणतात. माझा जिल्हा त्याला उत्तर देतो. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावानं २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. त्याआधी २००९ मध्ये गडचिरोलीत मेंढा-लेखानं असा हक्क मिळवून दाखवला होता. ठेकेदार बदलत राहायचे, गाव मजूर म्हणून राहायचं. कागदावर गावाचं नाव आल्यावर बांबूचा भाव ग्रामसभा ठरवू लागली. त्या ग्रामसभांत वाद होतात, हिशेबावरून तोंडं फिरतात, आणि तरीही पुढची सभा भरते.

बालेवाडीत आज सामने होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटीनं तिथं आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना इराणच्या नसाजीशी खेळला. पुण्याचे कितीतरी जण दुसऱ्या शहराच्या संघाला टाळ्या वाजवायला गेले. त्यांच्यातल्या जुन्या नारिंगी मंडळींशी मी अजून बोलतो. माझं त्यांना एकच सांगणं असतं : पुढचा उद्योगपती कधी येईल त्याची वाट पाहू नका. संस्था नोंदवा, सभासद करा, वर्गणी ठेवा, जिल्हा लीगच्या सगळ्यात खालच्या श्रेणीत संघ उतरवा आणि नाव, बोधचिन्ह, रंग हे सभेच्या ठरावाशिवाय विकता येणार नाहीत असं पहिल्याच घटनेत लिहून ठेवा. त्यानंतर पैसेवाला आला तर येऊ द्या. तेव्हा करार करायला समोर कुणी तरी बसलेलं असेल. या उन्हाळ्यात आमच्यातल्या दोघा-तिघांनी घटनेचा मसुदा लिहायला घेतला आहे, आणि सध्या वाद वर्गणी किती असावी यावर अडला आहे.